मथुरेच्या पोटातली टाचणी

माझं भाषण गिरगावपासून दादरपर्यंतच्या सगळ्या तबेल्यांत पाठ होतं. गवळ्यांची पोरं माझ्या मागून चालत ते म्हणून दाखवायची, मान माझ्यासारखी वर करून. मला त्यांचा राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं. साध्यासुध्या माणसाची कोणी नक्कल करत नाही, अशी माझी समजूत होती.

मी गुणाजी परब. राहायला वरळीच्या बीडीडी चाळीत, नोकरी सरकारी, फिरत्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर. त्या काळी मुंबईत परळला, लालबागला, वरळीला, अगदी गिरगावच्या वाड्यांच्या मागेसुद्धा म्हशींचे तबेले होते. आजारी म्हैस इस्पितळापर्यंत न्यायची म्हणजे ट्राम, बस आणि हातगाड्यांच्या मधून चालवायची. अर्ध्या वाटेत ती बसली की संपलं. म्हणून दवाखानाच म्हशीकडे जायचा. खाकी रंगाची जुनी गाडी, आत औषधांचं कपाट, पाण्याची टाकी, दोन बांबू, दोरखंड, आणि आम्ही तिघं.

डॉक्टर श्यामकांत त्रिलोकेकर हे ठाकूरद्वारचे पाठारे प्रभू. घरात तीन पिढ्या हायकोर्टाच्या कचेरीत काढलेल्या. मुलाने गुरांचा डॉक्टर व्हायचं ठरवलं तेव्हा घरात आठवडाभर कोणी त्याच्याशी बोललं नव्हतं म्हणे. साहेब शेणात घोटाभर उभे असले तरी पांढऱ्या कोटाची सगळी बटणं लावलेली. खोटं बोलायचे नाहीत. औषधाने गुण येणार नसेल तर तसं मालकाच्या तोंडावर सांगायचे आणि मग शिव्याही ऐकून घ्यायचे.

ड्रायव्हर लिओनार्ड खोताच्या वाडीतला ईस्ट इंडियन ख्रिस्ती. तबेल्याजवळ आला की तो हॉर्न वाजवायचा नाही, म्हशी बुजतात म्हणून. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात रस्त्यावर दगड टाकलेले असायचे, सरकारी गाडी दिसली की पोरं धावून यायची. लिओनार्ड मान बाहेर काढून ओरडायचा, "गुरांची गाडी हाय रे, बाबा!" मग तीच पोरं दगड बाजूला सारून वाट करून द्यायची. लालबागला तर एकदा दोघंजण पुढे पळत जाऊन आमच्यासाठी रस्ता मोकळा करत गेले होते. अशा वेळी मी सीटवर ताठ बसायचो. सरकारी असून ज्या गाडीवर दगड पडला नाही, तिच्यात मी होतो.

तर माझं भाषण. डॉक्टरांचं काम झालं की गवळ्यांना गोळा करून चार गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे होतं. पाणी कसं द्यावं, पारडाला चीक कधी पाजावा, घटसर्पाची लस पावसाआधी का टोचून घ्यावी. पण माझा हातखंडा शेवटच्या भागात होता. मी म्हणायचो, "म्हैस आपल्यासारखी चावून खात नाही. आधी गिळते, मग निवांत रवंथ करते. गिळताना तिला गवताची काडी आणि लोखंडाची काडी सारखीच. तार, खिळा, सुई, टाचणी, पोटात गेलं की पोटाच्या जाळीत जाऊन बसतं आणि तिथून हळूहळू काळजाकडे सरकतं. तेव्हा गवताच्या गासडीची तार सोडाल ती खिशात घाला, खाली टाकू नका!" 'टाचणी' म्हणताना मी तर्जनी वर करायचो. पोरं तर्जनीसकट नक्कल करायची.

वरळीत आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर कमलाबाई गवळणीचा तबेला होता. नऊ म्हशी, वर गवताचा माळा, आणि सगळ्यांवर कमलाबाईचा आवाज. नवरा आणि मुलगा दोघं गिरणीत, तबेला तिचा. घरात सून मालन. मालन शिलाईमशीन चालवायची, चाळीतल्या बायकांची पोलकी शिवायची, आणि सासूसमोर फारसं बोलायची नाही.

नऊ म्हशींत मथुरा वेगळी होती. बाकीच्या मुंबईत विकत आणलेल्या, दूध आटलं की विकून टाकायच्या. मुंबईच्या तबेल्यात पारडी जगत नाहीत. खरं सांगायचं तर जगवत नाहीत, दूध वाया जातं म्हणून. कमलाबाईने मथुरेला जगवली होती. तिची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा कमलाबाईने दुसऱ्या म्हशीचं दूध बाटलीने पाजून हिला वाढवली. वरळीत जन्मून वरळीत व्यालेली म्हैस, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. घरातल्या कोणाचं कौतुक मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. मथुरेचं रोज ऐकलं.

आता माझी गोष्ट सांगतो, आणि ती सांगायला मला आजही सोपं जात नाही.

सत्तावनचा जानेवारी होता. निवडणूक तोंडावर आलेली, चाळीचाळीत सभा. शिवाजी पार्कच्या सभेसाठी आमच्या चाळीने बिल्ले करायचं ठरवलं. कागदाचा गोल, त्यावर 'झालाच पाहिजे', खाली भगव्या फितीचा तुकडा, आणि ते सगळं एका टाचणीत, छातीला लावायला तयार. मला त्यात हात घालायचा होता. मी सरकारी नोकर. चाळीच्या गॅलरीत बसून हे करताना कोणी पाहिलं आणि वर कळवलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून मी मालनला विचारलं. माळ्याची किल्ली तिच्याकडे असायची. तिने एका शब्दाने विचारपूस केली नाही. कमलाबाई देवळात गेलेली असताना किल्ली दिली आणि स्वतःही वर येऊन बसली. तिचे हात मशीनवर सरावलेले. माझा एक बिल्ला होईपर्यंत तिचे तीन व्हायचे.

निघताना माझ्या कोपराने टाचण्यांची डबी कलंडली. खाली गवत. आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून टाचण्या वेचल्या.

मालन म्हणाली, "गुणाजीभाऊ, एवढा थर आपण बाहेर उकिरड्यावर टाकू. एखादी राहिली असेल. तुम्हीच सांगता ना?"

मला ते झोंबलं. माझंच भाषण मलाच? मी म्हणालो, "सगळ्या वेचल्यात. हे काम मी रोज करतो, मालन. चांगलं गवत फुकट घालवायचं नाही."

तिने गवत तिथेच राहू दिलं. सभा जोरात झाली. माझ्या डोळ्यांदेखत हजारो छात्यांवर बिल्ले होते, त्यातले आमच्या चाळीचे कोणते ते काही ओळखता येत नव्हतं. मला मात्र प्रत्येक बिल्ला मीच टाचला असं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी कमलाबाईचा निरोप आला. आम्ही गेलो तर मथुरा पाठीची कमान करून उभी. पुढच्या पायांची कोपरं बाहेर फाकवलेली, डोळे खोल गेलेले.

"शनिवारपासून तोंड लावत नाय, डाक्टर," कमलाबाई म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी खाली होता. "दूध एकदम गेलं. रवंथ बंद. मालक म्हणतात, मरायच्या आधी विकून टाक. बुधवारी वांद्र्याचा दलाल येतोय. कत्तलखान्याचा."

साहेबांनी मथुरेचा ताप पाहिला, पोटाला कान लावला. मग तिला बाहेर काढून तबेल्यामागच्या चढावर चालवली. चढ ती चढली. उतारावर मात्र एक पाऊल टाकेना. चारही पाय रोवून उभी राहिली आणि कण्हली.

"गुणाजी, बांबू," साहेब म्हणाले.

मी आणि लिओनार्डने बांबू तिच्या छातीखालून घातला, दोन्ही टोकं धरून वर उचलला आणि हळूच सोडला. निरोगी म्हशीला त्याचं काही वाटत नाही. मथुरा अशी कण्हली की कमलाबाईने पदर तोंडात धरला.

"लोखंड," साहेब म्हणाले. "जाळीत टोचलंय. अजून काळजापर्यंत गेलेलं नसावं."

माझ्या हातातून बांबूचं टोक निसटलं. मी वर माळ्याकडे पाहिलं नाही. मालन दारात उभी होती, तिच्याकडेही पाहिलं नाही.

कमलाबाईने पाहिलं. "हिच्या मशीनच्या सुया!" ती सुनेकडे वळून कडाडली. "शंभरदा सांगितलं, तुझा पसारा तबेल्याकडे आणू नको! वर माळ्यावर बसून शिवत असतेस का गो?"

मालनने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि काही बोलली नाही. मीही बोललो नाही. बोलायला तिथे भरपूर वेळ होता.

साहेब म्हणाले, "पोट उघडून काढता येईल. उद्या सकाळी, इथेच. ह्या अवस्थेत तिला गाडीत चढवली तर ते लोखंड आणखी आत जाईल."

"पोट फाडून म्हैस जगते, डाक्टर?"

"कॉलेजात मी सात केल्या. पाच जगल्या. तबेल्यात आजवर एकही केलेली नाही." साहेबांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "नाही केलं तर बुधवारी दलाल आहे. कमलाबाई, म्हैस तुमची आहे, तुम्ही ठरवा."

कमलाबाईने मथुरेच्या शिंगावर हात ठेवला. "उद्या या," म्हणाली.

परत जाताना गाडीत लिओनार्ड मला म्हणाला, "काय रे, तुझा चेहरा पडला? म्हैस तुझी हाय काय?" त्या रात्री मी जेवलो नाही एवढंच सांगतो.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता आम्ही तबेल्याचा एक कोपरा चुन्याने धुऊन काढला. बाकीच्या आठ म्हशी बाहेर काढल्या. मथुरेला भिंतीशी उभी केली, कारण हे ऑपरेशन उभ्या म्हशीवरच होतं. लिओनार्डने डोक्याची दोरी धरली. कमलाबाई तिच्या तोंडाशी उभी राहून कानात बोलत होती. मालनने उकळलेलं पाणी आणलं.

मग साहेबांनी कोट काढला. चार वर्षांत मी तो काढलेला पाहिला नव्हता. त्यांनी घडी घालून तो मालनच्या हातात दिला आणि म्हणाले, "खाली ठेवू नकोस."

डाव्या भकाळीवरचे, बरगड्यांमागच्या खोलगट कुशीवरचे केस मी काढले, आयोडीन लावलं. साहेबांनी कातडी बधिर करायची इंजेक्शनं ओळीने दिली, सुईने टोचून पाहिलं, मथुरा हलली नाही. सुरी फिरली तेव्हा कमलाबाईने डोळे मिटले. मालनने मिटले नाहीत. आतलं मोठं पोट बाहेर ओढून त्याची कड मी दोन्ही हातांनी धरली, आतला चोथा पोटाच्या पोकळीत सांडू नये म्हणून. माझं काम तेवढंच, पण ते हात सुटले तर म्हैस गेली. साहेबांनी पोट उघडलं, ओंजळीने चोथा बादलीत काढला, आणि मग उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला.

मी साहेबांचा चेहरा बघत होतो. ते डोळे मिटून बोटांनी बघत होते. लिओनार्ड पुटपुटत मेरीमातेची प्रार्थना म्हणत होता. केवढा वेळ गेला कोण जाणे.

"आहे," साहेब म्हणाले. "थांबा. भिंतीत रुतलीय."

हात बाहेर आला. दोन बोटांत काळी पडलेली, थोडी वाकलेली एक टाचणी. त्यांनी ती मालनने धरलेल्या थाळीत टाकली, पुन्हा हात आत घातला, सगळी जाळी चाचपली. "एकच होती."

एवढीशी टाचणी. पण माझ्या छातीत आनंदाने धडधडायला लागलं. ठाकूरद्वारच्या ह्या माणसाने शेणात उभं राहून, कुठल्याही टेबलाशिवाय, खांद्यापर्यंत हात घालून ती काढली होती, आणि मथुरेच्या पोटाची कड माझ्या हातात होती. आम्ही काढली! मी असं मनात म्हणालोही.

तेवढ्यात कमलाबाईने थाळीत वाकून पाहिलं.

"बघा!" ती मालनवर उसळली. "मी काय सांगत होते? माझ्या मथुरेचा जीव घेत होतीस! आज्जच्या आज्ज जा तुझ्या माहेरी. मला तोंड दाखवू नको."

मालनच्या एका हातात थाळी, दुसऱ्या हातावर साहेबांचा कोट. ती म्हणाली, "चुकलं माझं, आत्या."

बस. एवढंच. आवाज जराही कापला नाही. तिला माहेरी पाठवलं असतं तर ती गेली असती, आणि माझं नाव तिच्या तोंडून आलं नसतं. मी तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, गिरगाव ते दादर भाषणं देत फिरणारा.

"मालनची काय चूक नाय," मी म्हणालो. शुद्ध बोलायची सवय अशा वेळी जागेवर राहत नाही. "टाचणी माझी आसा, साहेब. मी सांडलंय. गवत टाकून द्या म्हणून ती सांगीत होती, मीच ऐकूक नाय."

कमलाबाईचं तोंड उघडंच राहिलं. मला पळून जावंसं वाटत होतं आणि माझे दोन्ही हात म्हशीच्या पोटाला गुंतलेले होते.

"हात हलवू नको," साहेब म्हणाले आणि टाके घालायला लागले.

पोटाला दोन थर, मग स्नायू, मग कातडी. पेनिसिलिन दिलं, हात धुतले, कोट घातला, बटणं लावली. मग गाडीत बसून रजिस्टर उघडलं.

"आजाराचे कारण हा रकाना आहे," ते म्हणाले. "सांग."

मी सगळं सांगितलं. माळा, किल्ली, बिल्ले, सभा. लिओनार्ड स्टीअरिंगशी बसून समोर बघत म्हणाला, "आपण काय ऐकलाच नाय."

साहेबांनी लिहिलं, मी उलट्या बाजूने वाचलं: 'वैरणीच्या माळ्यावर सांडलेली टाचणी.' टाक खाली ठेवला.

"मी खोटं लिहीत नाही," ते म्हणाले. "हे खरं आहे. कोणी सांडली, कशासाठी सांडली, त्याचा रकाना सरकारने छापलेला नाही." मग औषधाची एक रिकामी छोटी बाटली काढून ती टाचणी त्यांनी आत टाकली, बूच लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली. "तुझ्या भाषणात मात्र तो रकाना हवा. यापुढे भाषण इथून सुरू करायचं. टाचणी दाखवायची आणि कोणाची ते सांगायचं. जमणार नसेल तर भाषण बंद."

बाहेर कमलाबाईचा आवाज चालू होता. गुणाजीने ह्या तबेल्यात पाऊल टाकलं तर तंगडी मोडीन, असा त्याचा मथितार्थ. मग ती थांबली आणि मालनला विचारताना ऐकू आली, "आणि तू गो? तू का गप बसलीस?"

"त्यांची नोकरी गेली असती, आत्या. आणि मीपण टाचत होते."

"तुझा बिल्ला कुठाय? कधी लावलेला दिसला नाय."

"लावलाच नाही. तुम्ही रागावाल म्हणून."

त्यावर कमलाबाई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. गाडी निघाली होती.

बुधवारी दलाल आला. मथुरा टाके घातलेली, मान खाली, पण उभी. कमलाबाईने त्याला दारातूनच परत लावलं. नवरा काहीतरी बोलायला गेला, त्यालाही गिरणीची वेळ झाली म्हणून हाकललं. साहेब रोज सकाळी तपासायला जात. मला आत जायची बंदी, म्हणून मी फाटकाबाहेर औषधाची पेटी घेऊन उभा राहायचो. गुरुवार गेला. शुक्रवारी मथुरा पाणी प्यायली, गवताला तिने तोंड लावलं नाही. शनिवारी ताप चढला. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

रविवारी सुट्टी होती तरी मी फाटकाशी गेलो. दहा वाजले असतील. आतून मालनची हाक आली, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी, "गुणाजीभाऊ! रवंथ करतेय! मथुरा रवंथ करतेय!"

मी फाटकाचा गज धरून रडलो. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, बीडीडी चाळीच्या नाक्यावर. कमलाबाई बाहेर आली, माझ्याकडे बघत उभी राहिली.

"आत ये," म्हणाली. "बघ तिला. आणि एक ऐक. ह्या तबेल्यात परत टाचणी येता कामा नये. बिल्ले करायचे तर दोऱ्याने शिवा. मालन शिवेल. माझ्या माळ्यावरच बसा, पण दोरा." मग जराशाने, मान फिरवून, "एक मलापण शीव म्हणावं तिला."

तेव्हापासून आमच्या चाळीचे बिल्ले दोऱ्याचे. मोर्चा असो, सभा असो, कोणाच्या सदऱ्यावर बिल्ला चार टाक्यांनी शिवलेला दिसला की लोक म्हणायचे, वरळीचा दिसतोय. परळची माणसं आधी हसली, मग त्यांच्या तबेल्यांजवळच्या चाळींतही दोरा आला. हे कुठल्या पुढाऱ्याने सांगितलेलं नाही. हे एका म्हशीने आणि एका सुनेने शिकवलं, आणि त्याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा स्वतःच्या कशाचाही नाही.

आणि भाषण? पहिल्यांदा लालबागच्या तबेल्यात बाटली वर धरली आणि म्हणालो, "ही टाचणी एका म्हशीच्या जाळीतून निघाली. ती माझी होती." माझी नक्कल करणाऱ्या पोरांनी उगारलेली बोटं खाली घेतली. एक म्हातारा गवळी उठला, कमरेच्या वळकटीतून गासडीच्या तारेचा तुकडा काढून त्याने माझ्यासमोर ठेवला. "ही माझी," म्हणाला. इतक्या वर्षांत तर्जनी उगारून मला जे साधलं नव्हतं, ते झालं. पुढे मी ती बाटली शेकडो वेळा दाखवली असेल. हळूहळू माझी मान पुन्हा वर यायला लागली, पण आता ती वेगळ्या कारणाने यायची.

साठ सालच्या मे महिन्याची पहिली तारीख. महाराष्ट्र झाला होता, मुंबईसकट. रविवार होता, तरी साहेबांनी गाडी काढायला सांगितली. मथुरेच्या पारडीला लस टोचायची राहिलीय म्हणाले. लस दोन दिवसांनी टोचली तरी चाललं असतं. लिओनार्डने गाडीला फुलांच्या माळा घातल्या होत्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच सगळी वाट, वरळी येईपर्यंत, हॉर्न वाजवला.

तबेल्यात मथुरेची शिंगं रंगवलेली. शेजारी तिची पारडी, वरळीतलीच पुढची पिढी. कमलाबाईच्या पदरावर बिल्ला, मालनच्या खांद्यावर बिल्ला, मालनच्या मुलीच्या झबल्यावर बिल्ला, सगळे दोऱ्याचे. साहेबांनी लस टोचली. मग कोटाच्या आतल्या खिशात हात घालून त्यांनी काहीतरी काढलं. पिवळा पडलेला कागदाचा गोल, भगवी फीत, 'झालाच पाहिजे'. टाचणी काढून टाकलेली, भोकं दिसत होती.

"त्या मंगळवारी कोट परत घेतला, तेव्हा हा खिशात होता," ते म्हणाले. "कोणी ठेवला, त्याचा रकाना नव्हता."

मी मालनकडे पाहिलं. ती पारडीच्या कानामागे खाजवत होती आणि हसू आवरत होती.

"तीन वर्षं ठेवलात, साहेब?"

"सरकारी नोकर आहे मी. लावता येत नव्हता. टाकवतही नव्हता." त्यांनी कोट काढला, आयुष्यात माझ्यासमोर दुसऱ्यांदा, आणि माझ्यापुढे धरला. "माझ्या बॅगेतली वाकडी सुई घे. रेशीमही तेच, मथुरेला वापरलेलं. लाव."

मालन म्हणाली मी शिवते, पण साहेबांनी मान हलवली. मी चार टाके घातले, साहेब मथुरेच्या कातडीला घालतात तसे, एकेक सुटा, एकेक गाठीचा. दोरा कापला. साहेबांनी कोट चढवला, एकेक करून सगळी बटणं लावली. कमलाबाईने त्यांच्या छातीकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. लिओनार्डने टाळ्या वाजवल्या, बाहेर ताशा सुरू झाला, आणि मला वाटलं माझी छाती आता फुटणार.

तेवढ्यात साहेबांचा आवाज आला. "गुणाजी, सुई कुठे आहे?"

टाळ्या थांबल्या. आम्ही पाचही जणांनी एकदम मथुरेच्या गव्हाणीकडे पाहिलं. कमलाबाई तर एक पाऊल पुढे सरकली.

मी हात वर केला. तर्जनी आणि अंगठ्यात धरलेली सुई सगळ्यांना दिसेल इतका वर.

"ही माझ्याकडे आहे, साहेब," मी म्हणालो.